पिकअपचा हिशेब

मोटारीच्या मालकाच्या आपल्या गाडीबद्दल साधारण दोन तक्रारी असतात. ती अ‍ॅव्हरेज देत नाही ही पहिली आणि तिला पिकअप नाही ही दुसरी. पहिली त्याला पंपावर आठवते आणि दुसरी घाटात. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले भोर आणि वेल्हे हे तालुके दुसऱ्या तक्रारीसाठी जणू मुद्दाम घडवलेले आहेत. (वेल्हे तालुक्याला २०२४ साली राज्य सरकारने राजगड हे नाव दिले, पण बोलण्यात अजून वेल्हेच येते.) पानशेत रस्त्यावरच्या खानापूरहून वेल्ह्यात उतरवणारा पाबे घाट, भोरहून नीरा-देवघरच्या जलाशयाकाठाने महाडकडे जाणारा वरंधा घाट, मांढरदेवीवरून वाईला जाणारा चढाचा रस्ता, या सगळ्या वाटा गाडीची आणि चालकाची परीक्षा पाहतात. चार माणसे, डिकीत तांदळाचे पोते, एसी चालू आणि समोर वळणावरच चढ लागला, की दुसऱ्या गिअरमधली गाडी धापा टाकू लागते. पहिला टाकावा तर इंजिन ओरडते आणि दुसऱ्यातच ठेवावी तर ती हुंदके देते.

या अडचणीवर आता एक नवा उपाय बाजारात आहे आणि तो घराघरांत चर्चेचा विषय झाला आहे. गाडीच्या इंजिनावर देखरेख करणारा जो छोटा संगणक असतो, त्यातली आज्ञावली बदलून घ्यायची. बोलीभाषेत याला 'रिमॅप' किंवा 'ट्यूनिंग' म्हणतात. एखाद्या तासाचे काम, बॉनेट उघडायलाही लागत नाही आणि गाडी 'वेगळीच' होते, असे सांगितले जाते. गाडीला आधीच थोडा हात लागलेला असेल, म्हणजे मोकळा एअर फिल्टर बसवला असेल, सायलेन्सरचा पाइप बदलला असेल, टायर एक माप मोठे घातले असतील, तर 'आता रिमॅप केलाच पाहिजे' असा आग्रहही होतो. हे करावे का, आणि करायचे तर कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न दिसतो गॅरेजचा. पण त्यात घरच्या पैशाचा, कायद्याचा आणि रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाच्या श्वासाचा संबंध येतो. म्हणून तो रविवारच्या वाचकांपुढे मांडण्याजोगा वाटतो.

स्क्रूपासून तक्त्यापर्यंत

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे काम मिस्त्री करीत असे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर त्याच्यासमोर उभी केली, की तो आधी कान लावायचा, मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे फिरवायचा, डिस्ट्रिब्युटर किंचित हलवून टायमिंग पुढे-मागे करायचा, प्लग काढून त्यावरच्या काजळीचा रंग बघायचा. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, विटकरी म्हणजे बरोबर. घाटात जाणारी गाडी असेल तर तो तसे सांगून बसवायचा. त्या एका स्क्रूने गाडीचा सगळा स्वभाव ठरत असल्यामुळे थंडीत एक आणि उन्हाळ्यात दुसरी तक्रार असे, हे वेगळे सांगायला नको.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली. तिचा मेंदू म्हणजे हा संगणक. त्याच्या आत काय असते? सोप्या शब्दांत सांगायचे तर पाढ्यांच्या पुस्तकासारखे तक्ते. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार. दोन्ही जिथे मिळतील त्या चौकोनात एक आकडा असतो: इतके इंधन सोड. दुसऱ्या तक्त्यात ठिणगी केव्हा टाकायची ते, तिसऱ्यात टर्बोने हवा किती दाबायची ते, आणखी एकात गिअरबॉक्सला झेपेल असा जोर किती, ते. बाहेरच्या हवेचे तापमान, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरातला प्राणवायू, इंजिनातली टकटक, या सगळ्यांच्या बातम्या त्याला सेकंदात अनेक वेळा मिळतात आणि त्याप्रमाणे तो तक्त्यातला आकडा थोडा कमी-जास्त करतो. रिमॅप करणे म्हणजे हे तक्ते बदलणे. जुन्या मिस्त्रीचा पाव फेराच तो, फक्त शेकडो चौकोनांत एकदम मारलेला.

ताकद येते कुठून?

इथे ग्राहकाच्या मनात पहिली शंका यायला हवी. नुसते आकडे बदलून ताकद वाढत असेल, तर ती कंपनीनेच का दिली नाही?

कंपनीने ती मुद्दाम मागे ठेवलेली असते. तीच गाडी विदर्भातल्या मे महिन्यात आणि लडाखच्या थंडीत चालायची असते. कुठल्या पंपावर कसले इंधन मिळेल, मालक सर्व्हिसिंग वेळेवर करील की नाही, हे कंपनीला ठाऊक नसते. वॉरंटीच्या काळात क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो टिकले पाहिजेत आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर कायद्याच्या मर्यादेत राहिला पाहिजे. या सगळ्यांसाठी ती हातचे राखून आकडे लिहिते. शेतकरी बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. रिमॅप करणारा त्या कणगीत हात घालतो. थोडे काढले तर वर्ष निभावते. फार काढले तर पेरणीच्या वेळी कळते.

किती काढता येते, हे इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहे. टर्बो असलेल्या इंजिनात, मग ते डिझेल असो वा पेट्रोल, हवा जास्त दाबता येते. त्यामुळे वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जोर वाढल्याची उदाहरणे सर्रास दिसतात. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात हवा तेवढीच येते. तिथे नुसत्या आकड्यांनी जेमतेम चार-पाच टक्के पदरात पडतात आणि घाटात ते जाणवतही नाहीत. लहान पेट्रोल गाडीचा मालक रिमॅपसाठी हजारो रुपये मोजणार असेल, तर त्याने ते चांगल्या टायरांवर खर्च करावेत, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आणि नुसत्या आकड्यांनी सगळे होत नाही, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यात बनत असे आणि त्याच घराण्याचे इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत होते. ते कुठे ७५ अश्वशक्तीचे, तर कुठे ९० चे. 'इंजिन तेच, मग फरक फक्त संगणकाचा' असा समज तेव्हा पुष्कळ पसरला. प्रत्यक्षात ९० अश्वशक्तीच्या इंजिनाला पाती फिरवून हवेचा झोत बदलणारा वेगळ्या जातीचा टर्बो होता. कंपनीला जास्त ताकद हवी होती तेव्हा तिने यंत्राचा भाग बदलला आणि त्याला साजेसे आकडे लिहिले. नुसते आकडे बदलून ७५ वरून ९० गाठणारा तो फरक जुन्याच टर्बोकडून वसूल करतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

बाजारातल्या वाटा

ग्राहकापुढे आज मुख्यतः चार वाटा ठेवल्या जातात. त्यांची गल्लत होते म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली वाट पेडलला जोडायच्या छोट्या यंत्राची. पाय थोडा दाबला तरी ते संगणकाला 'बराच दाबला' असे सांगते. गाडी चपळ झाल्याचा भास होतो. ताकद मात्र तसूभरही वाढत नाही. घाटातल्या चढावर पाय जवळजवळ पूर्ण दाबलेलाच असतो, तिथे याचा उपयोग शून्य.

दुसरी वाट डिझेल गाड्यांना लावल्या जाणाऱ्या डब्याची. इंधनाच्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये तो बसतो आणि खरा दाब असेल त्यापेक्षा कमी सांगतो. संगणक बिचारा दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जाते. काढून ठेवता येतो हा त्याचा गुण; सगळा कारभार खोटे सांगून चालतो हा दोष. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, असे झाले की उरलेल्या डिझेलची काजळी होते.

तिसरी वाट तयार फाइलची. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून संगणकातले मूळ तक्ते काढायचे आणि त्याच मॉडेलसाठी आधी केलेले तक्ते घालायचे. 'स्टेज वन' म्हणतात ते बहुधा हेच. गाडी पूर्णपणे मूळ स्थितीत आणि निरोगी असेल तर हे चालून जाते. पण ज्याने फिल्टर, पाइप, टायर बदलले आहेत त्याची गाडी त्या तयार फाइलमधल्या गाडीसारखी उरलेली नसते. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला कोट तो.

चौथी वाट त्याच गाडीला रोलरवर, म्हणजे डायनोवर चढवून, तिचे आकडे मोजत मोजत तक्ते लिहिण्याची. वेळ जास्त, पैसे जास्त; पण ज्याची गाडी थोडीफार बदललेली आहे त्याच्यासाठी विचार करण्याजोगी वाट हीच. शर्यतीच्या गाड्यांत मूळ संगणक काढून संपूर्ण नवा बसवतात. ती पाचवी वाट घरच्या गाडीने धरू नये, कारण एबीएस, चावीचे कुलूप, डॅशबोर्डवरचे दिवे हे सगळे जुन्या संगणकाशी बोलत असतात.

घाटाला हवे काय?

डायनोवरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो सर्वाधिक अश्वशक्तीचा. तो मिळतो इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर असताना. पाबे घाटाच्या वळणावर कोणाचे इंजिन तिथे असते? आपल्याला जोर हवा असतो तो दीड ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान आणि तोही हळूहळू चढणारा. एकदम उसळणारा जोर पावसाळ्यात चिखल आणि शेवाळ साचलेल्या वळणावर पुढची चाके फिरवतो आणि जुना क्लच घसरवतो. म्हणून ट्यूनिंगवाल्याला 'किती वाढेल' असे विचारण्याऐवजी 'कुठे वाढेल' असे विचारावे.

इंधनाचाही प्रश्न आहे. पेट्रोल गाडीचे जोमदार रिमॅप बहुधा जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलवर बेतलेले असते. ते पुण्यात मिळते. वेल्ह्याच्या वाटेवर मिळेलच असे नाही. साधे पेट्रोल भरून चढाला लागले, की इंजिनात वेळेआधी पेट घेऊन टकटक सुरू होते आणि संगणक घाबरून ठिणगी मागे घेतो. म्हणजे विकत घेतलेली ताकद नेमकी घाटात परत जाते. त्यातच २०२५ पर्यंत देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. इथेनॉल टकटकीला चांगला विरोध करते, पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्याच्या ज्वलनाला इंधन-हवेचे प्रमाण वेगळे लागते. संगणक काही मर्यादेपर्यंत हे सांभाळून घेतो. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर काही वर्षांपूर्वी बेतलेली फाइल आज कोणी देत असेल, तर ती कोणत्या इंधनावर तपासली हे विचारणे ग्राहकाचा हक्क आहे.

माझ्या पुतण्याचे उदाहरण सांगतो. आमचे मूळ गाव भोरच्या बाजूचे. तो पुण्यात नोकरी करतो आणि शनिवारी आईवडिलांकडे जातो. गाडी टर्बो डिझेल, सात वर्षांची, फिल्टर आणि टायर बदललेली. 'काका, घाटात मरते हो ती, रिमॅप करून टाकतो,' असे तो म्हणाला. माझे म्हणणे इतकेच होते, की आधी गाडी आज किती ताकद देते ते मोजून घे. रोलरवर ती कंपनीच्या आकड्यापेक्षाही बरीच खाली निघाली. शोध घेतला तेव्हा टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या रबरी पाइपला बारीक चीर सापडली. दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. पाइप बदलला, डिझेल फिल्टर बदलला आणि निम्म्याहून अधिक तक्रार संपली. उरलेली मोठ्या टायरांची होती. टायरचा घेर वाढला की गिअर आपोआप लांब होतात, चढाला जोर कमी पडतो आणि स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. त्याने मूळ मापाचे टायर परत घातले. फाटक्या पाइपवरच नवे तक्ते चढवले असते, तर कमी हवेत आणखी डिझेल जळाले असते आणि टर्बोला हवेचा दाब राखण्यासाठी आणखी पळावे लागले असते. 'गाडी मरते' या तक्रारीत असा एखादा आजार किती वेळा लपलेला असतो, ते अनुभवी मिस्त्रीला विचारावे.

धूर कोणाचा, कायदा कोणाचा

आता थोडा गंभीर भाग. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आणि धूर परत फिरवणारी झडप असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल मोटारींत हा फिल्टर जवळपास सर्वत्र आला. गावातल्या गावात, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो, कारण साठलेली काजळी जाळण्याइतका तो तापतच नाही. वेल्हे-विंझर एवढेच रोज धावणाऱ्या गाडीला हा त्रास होणारच. उपाय सोपा आहे: दिवा लागला की गाडी हमरस्त्यावर काढून वीस-पंचवीस मिनिटे एकसारखी, थोड्या वरच्या फेऱ्यांवर चालवायची. काही ठिकाणी मात्र 'फिल्टरच बंद करून देतो, पिकअपही वाढेल' असे सांगितले जाते. हे ऐकल्यावर ग्राहकाने तिथून उठावे. त्या काळ्या ढगात चालकाला काही होत नाही, त्याच्या काचा वर असतात. मागून येणारा दुचाकीस्वार, दुधाचे कॅन घेऊन उभी असलेली बाई, शाळेतून पायी घरी निघालेली मुले तो ढग गिळतात.

कायद्याची स्थिती काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. वॉरंटीबद्दल तर बोलायलाच नको.

तरीही हे बदल सर्रास होतात, कारण ते दिसत नाहीत. मोठा सायलेन्सर पोलिसाला ऐकू येतो, बदललेला तक्ता येत नाही. पीयूसीची तपासणी गाडी जागेवर उभी करून, भाराशिवाय होते. घाटात चार माणसांसह चढताना ती काय ओकते हे त्या कागदावर उमटत नाही. आणि दोष फक्त हौशी मालकांचा आहे असेही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले की, फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञावली घातली होती, जी चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती गाडी सोवळी ठेवी. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती होती. ज्या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणला आहे, तिची ही गोष्ट. पुण्यातल्याच एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने भारतातल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा प्रदूषण बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. एवढी मोठी कंपनी जे वर्षानुवर्षे लपवू शकली, ते एका गल्लीतल्या लॅपटॉपला लपवणे किती सोपे असेल?

म्हणून सरकारने दोन गोष्टी करायला हव्यात. ट्यूनिंगच्या धंद्याकडे डोळेझाक करण्याऐवजी, ज्या बदलानंतरही धूर मर्यादेत राहतो तो भारासहित चाचणीवर सिद्ध करून नोंदवण्याची सोय ठेवावी. सीएनजी किटसाठी मंजुरी आणि नोंदणीची पद्धत आहेच. तिच्या धर्तीवर हे करता येईल. आणि पीयूसीच्या वेळी गाडीच्या सॉकेटमधून संगणकाची चौकशी करून काजळीचा फिल्टर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहेत का, ते पाहावे. प्रामाणिक हौशी माणूस आणि फिल्टर काढून टाकणारा यांना आज एकाच तराजूत तोलले जाते. त्यात दुसऱ्याचाच फायदा होतो.

तोपर्यंत घरातल्या कोणी हा विषय काढला, तर क्रम असा असावा. आधी सर्व्हिसिंग, हवेचे पाइप, इंजेक्टर, क्लच तपासून घ्यावेत. मग टायर आणि ब्रेक. कारण जी गाडी घाट जोरात चढते तिला तो उतरायचाही असतो. त्यानंतरही पिकअप कमीच वाटला, तर आधी कायद्याची आणि विम्याची बाजू समजून घ्यावी आणि मग चार गोष्टी लेखी मागाव्यात. एकाच दिवशी, एकाच रोलरवर घेतलेले आधीचे आणि नंतरचे आलेख. मूळ फाइलची प्रत आपल्या हातात. फिल्टर, झडप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांना हात लावलेला नाही असे पत्र. आणि इंधन-हवेचे प्रमाण व सायलेन्सरचे तापमान यांची, गाडी पूर्ण जोरावर असतानाची नोंद. ज्याला हे देता येते त्याला आपण काय करतो ते कळते. ज्याला हे प्रश्न खटकतात त्याच्या हाती गाडी न दिलेली बरी. पाबे घाट पहिल्या गिअरमध्ये चढून दहा मिनिटे उशिरा पोहोचले, तरी घरचे जेवायला थांबतात.